सोळा अंकी पॅलिंड्रोम संख्येचे मूळ अवयव हाताने कसे पाडावेत

१२३४५६७८८७६५४३२१ ही संख्या डावीकडून वाचली काय किंवा उजवीकडून, सारखीच राहते. तिचे मूळ अवयव पाडण्यासाठी एक्सेल उघडू नये, कारण ते पंधराच अर्थपूर्ण अंक जपते. शेवटच्या १ च्या जागी तेथे ० येतो आणि संख्या पॅलिंड्रोमच उरत नाही. येथे कागद अधिक विश्वासाचा.

प्रथम अंक मोजावेत. ते सम असल्यास पॅलिंड्रोम संख्येला ११ ने निःशेष भाग जातोच, कारण अशा संख्येत आरशातल्या जोडीपैकी एक अंक सम स्थानी आणि दुसरा विषम स्थानी पडतो व एकाआड एक अंकांच्या बेरजांतील फरक शून्य होतो. भागाकार ११२२३३४४४३३२२११ येतो, आणि गंमत म्हणजे तोही पॅलिंड्रोम आहे. त्याच्या बाबतीत हा फरक ४ असल्याने ११ हा अवयव एकदाच येतो. म्हणजे दिलेली संख्या वर्गसंख्या असू शकत नाही.

अंकांची बेरीज ७२ असल्याने ९ ने भाग जातो. आता उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडावेत. त्यांची बेरीज २६६४, म्हणजे ३७ × ७२ आहे, म्हणून ३७ चा भाग जातो, २७ चा जात नाही. हेच गट आळीपाळीने अधिक-उणे केल्यास २२० उरतात, त्यामुळे ७ आणि १३ एकदमच बाद होतात. दोन-दोन अंकांचे गट आळीपाळीने अधिक-उणे केल्यास शून्य येते, म्हणून १०१ हा अवयव मिळतो. चार-चार अंकांच्या गटांनीही शून्यच येते, म्हणून १०००१, म्हणजेच ७३ × १३७, मिळतात. मात्र ही दोन शून्ये पॅलिंड्रोम असण्यामुळे आलेली नाहीत. अंक क्रमाने वाढत जाऊन क्रमाने उतरल्यामुळे ती आली आहेत, तेव्हा दुसऱ्या संख्येत ती गृहीत धरू नयेत.

या सर्व अवयवांनी भागल्यावर ३३३६६७ उरतो. तो मूळ आहे हे ठरवण्यासाठी ५७७ पर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून पाहण्याची गरज नाही. ३३३६६७ × २९९७ = ९९९९९९९९९, आणि ३३३६६७ व ९९९ यांना सामाईक अवयव नाही; यावरून त्याच्या प्रत्येक मूळ अवयवाला १८ ने भागल्यास बाकी १ उरलीच पाहिजे. अशा मूळ संख्या १९, ३७, ७३, १०९ पासून ५७७ पर्यंत अवघ्या सतरा आहेत आणि त्यांपैकी एकीनेही भाग जात नाही.

अशा रीतीने संख्या ३² × ११ × ३७ × ७३ × १०१ × १३७ × ३३३६६७ अशी लिहिता येते. ३ चा घात २ आणि इतर सहा अवयवांचे घात १ असल्याने तिचे एकूण विभाजक ३ × २⁶, म्हणजे १९२ होतात. उत्तराचा पडताळा घ्यायचा असल्यास ११, ७३, १०१ व १३७ यांचा गुणाकार ११११११११ आणि ९, ३७ व ३३३६६७ यांचा गुणाकार १११११११११ येतो का, हे पाहावे.