बाबांच्या वॉकरची जाहिरात शेवटी गेली

बाबा मार्चमध्ये गेले. त्यांचा वॉकर, डायपर सगळं मी माझ्याच फोनवरून मागवायचो, आणि ते गेल्यावरही दोन महिने फीड उघडलं की त्याच जाहिराती. एकदा आईने फोन हातात घेतला आणि समोर नेमका तोच राखाडी वॉकर, तिने काही न बोलता फोन पालथा ठेवला. त्या रात्री बसलोच.

नुसतं हाईड करून उपयोग नाही, दुसऱ्या दुकानाची येते. मूळ असं की दुकानांची ॲप आपण काय बघितलं, काय घेतलं ते सोशल नेटवर्कला कळवतात. त्या नेटवर्कच्या सेटिंगमधल्या ॲड प्रेफरन्सेसमध्ये जाऊन पार्टनरकडून आलेली माहिती वापरायला नाही म्हटलं, बाहेरच्या ॲक्टिव्हिटीची, म्हणजे इतर ॲपनी माझ्याबद्दल कळवलेल्या गोष्टींची यादी (औषधाचं दुकान त्यात होतंच, फार चीड आली) क्लिअर केली आणि पुढे येणारी माहितीही खात्यापासून तोडली. मग अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसी, ॲड्स, तिथे ॲडव्हर्टायझिंग आयडी (जाहिरातींसाठी फोनला दिलेला ओळख क्रमांक) डिलीट. आयफोनवर २०२१ च्या आयओएस १४.५ पासून ॲपला ट्रॅकिंगची परवानगी मागावी लागते, तिथे सरळ नाही म्हणा.

जाहिराती अजून येतात, पण गाद्यांच्या, कुकरच्या. वॉकर आठवड्याभरात गेला. काल आईचा फोनही असाच करून दिला.