समुद्रकाठच्या घाटरस्त्यावर थांबे ठरवताना या चुका टाळा

एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला थेट खाली समुद्र आणि मधून वळणं घेत जाणारा दोन पदरी रस्ता. अशा सहलीचा बेत आपण नकाशावर खुणा टाकत आखतो. हा पूल, तो धबधबा, ते दीपगृह. संध्याकाळी मुक्कामाला पोहोचल्यावर कळतं की निम्मी ठिकाणं हुकली आणि जिथे थांबलो तिथेही घड्याळच बघत होतो. ठिकाणं चांगलीच असतात. आपण रस्त्याची बाजू, उजेड आणि वेळ यांचा हिशेब केलेला नसतो.

उलट्या दिशेने निघणं

ही चूक सर्वांत महागात पडते आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं. वाहनं डावीकडून चालत असतील तर समुद्र डाव्या हाताला राहील अशी दिशा घ्या, उजवीकडून चालत असतील तर उजव्या हाताला. मग समुद्राकडचा पदर तुमचा असतो. कठड्यालगतच्या मोकळ्या जागेत गाडी सहज घेता येते आणि आंधळ्या वळणाजवळ समोरची वाहतूक कापावी लागत नाही. म्हणून कॅलिफोर्नियातल्या हायवे १ वर, बिग सरच्या टप्प्यात, उत्तरेकडून दक्षिणेकडे जावं. ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट ओशन रोडवर टॉर्कीहून पश्चिमेकडे, तर केप टाउनजवळच्या चॅपमन्स पीक ड्राइव्हवर नूर्डहूकहून हाउट बेकडे.

दिशा बदलणं शक्य नसेल तर डोंगराकडचे थांबे निवडा: जंगलातल्या पायवाटा, ओढे, उद्यानं. समुद्राकडची एखादी जागा सोडवतच नसेल, तर पुढे जिथे नीट दिसतं तिथे गाडी वळवून परत या. वळणावर यू-टर्न अजिबात नको. मात्र गाडीत कुणाला उंचीची धास्ती असेल तर मी स्वतः डोंगराकडचाच पदर निवडेन. त्या माणसाचा दिवस भीतीत जाण्यापेक्षा दोन-चार थांबे हुकलेले परवडतात.

नकाशातल्या वेळेवर विसंबणं

हायवे १ वरच्या बिग सर टप्प्यात कार्मेल ते सॅन सिमियन हे अंतर साधारण १४५ किलोमीटर. न थांबताही अडीच-तीन तास लागतात, कारण वळणांवर वेग धरताच येत नाही. त्यात ‘पाच मिनिटं थांबू’ म्हटलेला थांबा पाच मिनिटांचा कधीच नसतो. जागा मिळेपर्यंत, सगळे उतरून कड्यापर्यंत जाऊन फोटो काढून परत बसेपर्यंत वीस मिनिटं सहज जातात. असे आठ थांबे धरले तर जवळपास पावणेतीन तास झाले, म्हणजे प्रवासाइतकाच वेळ.

त्यामुळे तीनच थांबे पक्के ठरवा आणि बाकीचे ‘जमलं तर’ या यादीत टाका. अर्ध्या वाटेवर तासभर उशीर झालेला दिसला तर ती दुसरी यादी पूर्ण सोडून द्या, पण पक्का थांबा आखडू नका. एका ठिकाणी तासभर शांत बसलेलं मनात राहतं, पाच ठिकाणी धावत काढलेले फोटो एकमेकांत मिसळून जातात. ठरवलेल्या ठिकाणी जागा नसेल तर रस्त्यावर ताटकळत उभे राहू नका. पुढचा थांबा घ्या.

उजेडाचा विचार न करणं

किनारा पश्चिमेकडे तोंड करून असेल तर सकाळी सूर्य डोंगरामागे असतो आणि कडे सावलीत राहतात. दुपारनंतर तेच कडे उजळतात. कॅलिफोर्नियासारख्या थंड प्रवाहाच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात सकाळचं धुकंही असतं. ते दुपारपर्यंत विरतं, कधी दिवसभर हटत नाही. म्हणून सकाळ रेडवूडच्या जंगलात घालवा आणि समुद्राची दृश्यं दुपारनंतर ठेवा. धुकं बसूनच राहिलं तर उंचावर जाऊन पाहा. ते बरेचदा खालच्या थरातच असतं आणि वर निरभ्र ऊन मिळतं. सूर्यास्ताचा थांबा मुक्कामाच्या जवळचा हवा, नाहीतर सगळी वळणं अंधारात घ्यावी लागतात.

रस्ता उघडाच असेल असं धरून चालणं

हे रस्ते दरडींच्या अंगावरून गेलेले असतात. मे २०१७ मध्ये बिग सरच्या मड क्रीक इथे डोंगराचा मोठा भाग खाली आला आणि रस्ता जुलै २०१८ मध्येच पुन्हा खुला झाला. चॅपमन्स पीकही खराब हवेत बंद ठेवतात. बिग सरसारख्या ठिकाणी वळसा काही तासांचा असतो. निघायच्या सकाळी रस्ते विभागाची माहिती बघा, कारण पुढे लांबवर मोबाइलला रेंज नसते. नकाशा आधीच उतरवून घ्या आणि टाकी भरूनच निघा.

कठडा ओलांडणं

ग्रेट ओशन रोडवरच्या ‘लंडन ब्रिज’ या नैसर्गिक कमानीचा किनाऱ्याला जोडणारा भाग जानेवारी १९९० मध्ये कोसळला. पलीकडे अडकलेल्या दोघांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं. २००५ मध्ये जवळच्याच ‘ट्वेल्व्ह अपॉसल्स’ या समुद्रातल्या खडकांच्या समूहातला एक सुळका ढासळला. लाटा चुनखडी खालून पोखरतात आणि वरून ती जमीन भक्कमच दिसते. खाली पुळणीवर उतरायचं असेल तर भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून ओहोटीतच उतरा, आणि पाणी चढू लागायच्या आत वर या.

मागची रांग आणि पोटातली मळमळ

दृश्य बघत हळू चालवायचं असेल तर मागच्यांना वाट द्या. कॅलिफोर्नियात दोन पदरी रस्त्यावर हळू चालणाऱ्या गाडीमागे पाच किंवा अधिक वाहनं जमली आणि ओलांडून जाणं धोक्याचं असेल, तर सुरक्षित जागा दिसताच बाजूला होणं कायद्यानेच बंधनकारक आहे. गाडी लागणाऱ्याला पुढच्या सीटवर बसवा आणि वळणं सुरू झाल्यावर मोबाइल बाजूला ठेवायला सांगा. तो गप्प झाला, चेहरा उतरला, की यादीत असो वा नसो, पुढच्या मोकळ्या जागेत गाडी थांबवा आणि त्याला उतरून दूरच्या क्षितिजाकडे बघू द्या.