लिनक्सवर नवे आहात? मदत अशी मागा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि माझ्या दुकानात जुने लॅपटॉप घेऊन येणारी मंडळी वाढली. त्यांवर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम, लिनक्सचा एक प्रकार) बसवून देणं सोपं असतं. पुढे काही अडलं तर विचारायचं कुणाला, याचीच लोकांना धास्ती. लिनक्सवाले नवख्यांना झापतात, असं कुठेतरी ऐकलेलं असतं. ही ख्याती बरीचशी लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल लिहिणाऱ्या डेव्हलपर्सच्या आपापसातल्या वादांमुळे झाली. २०१८ साली खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्सनी आपल्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली होती. वापरणाऱ्यांना मदत करणारे लोक वेगळे. मीही त्यातलीच एक, रात्री दुकान बंद केल्यावर उत्तरं लिहिते.

आधी ठिकाण बरोबर निवडा. मिंट टाकलंय तर मिंटच्या फोरमवर विचारा. मांजारो आणि आर्च हे लिनक्सचे आणखी दोन प्रकार; मांजारोचा प्रश्न आर्चच्या फोरमवर नेलात तर परत पाठवतील. तो तुसडेपणा नव्हे. मांजारो आर्चवरूनच बेतलेलं आहे, पण त्याची पॅकेजेस (सॉफ्टवेअर आणि त्याचे अपडेट) वेगळ्या वेळी येतात, त्यामुळे आर्चवाल्याचं उत्तर तिथे लागू पडेलच असं नाही. विंडोजवरून थेट येणाऱ्याने आर्चपासून सुरुवात करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आर्चचा विकी, म्हणजे त्यांची ऑनलाइन माहितीची पानं, मात्र मिंटवाल्यानेही जरूर वाचावा.

आता प्रश्न. ‘वायफाय चालत नाही, अर्जंट हेल्प’ एवढ्यावर कुणालाच काही सांगता येत नाही. असं लिहा: ‘मिंट २२ सिनॅमन नवीन टाकलं. वायफायची नावंच दिसत नाहीत. कार्ड ब्रॉडकॉमचं आहे. लाइव्ह यूएसबीवरही दिसत नव्हती.’ (सिनॅमन ही मिंटची एक आवृत्ती; लाइव्ह यूएसबी म्हणजे इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरून चालवलेलं मिंट.) यावर मी लगेच सांगेन: मोबाइल केबलने जोडा, यूएसबी टेदरिंगने नेट घ्या, ड्रायव्हर मॅनेजर उघडा, ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर दाखवला तर तो निवडा आणि रीस्टार्ट करा.

कार्ड कुठलं ते माहीत नसलं तरी अडत नाही. मिंटच्या मेनूत ‘सिस्टिम रिपोर्ट्स’ आहे. त्यातल्या ‘सिस्टिम इन्फर्मेशन’चा मजकूर कॉपी करून जसाच्या तसा चिकटवा. सीरियल नंबर वगैरे त्यात आधीच झाकलेले असतात. एरर आली तर तिचेही शब्द टाका. मोबाइलवर काढलेल्या तिरक्या फोटोतून ते शोधता येत नाहीत.

इंग्रजी मोडकंतोडकं असेना का, बिनधास्त लिहा. उत्तर देणाऱ्या कितीतरी जणांचीही ती मातृभाषा नसते. आणि ते सगळे आपला वेळ काढून येतात, तेव्हा तासाभरात उत्तर आलं नाही म्हणून तोच प्रश्न चार ठिकाणी टाकू नका.

कुणी टर्मिनलची (कमांड टाइप करायच्या खिडकीची) कमांड दिली, त्यातून ती सुडोने (म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने) सुरू होत असेल, तर ‘ही नेमकं काय करते?’ हे विचाराच. समजावून सांगायला चांगला माणूस कंटाळत नाही. कमांड चालवण्याआधी मिंटमधल्या टाइमशिफ्टमध्ये सिस्टिमचा एक स्नॅपशॉट घेऊन ठेवा, म्हणजे काही बिघडलं तर मागे जाता येईल.

काम झालं की कशाने झालं तेही तिथेच लिहा आणि पहिल्या पोस्टच्या शीर्षकात ‘सॉल्व्हड’ जोडा. तेच कार्ड असलेला दुसरा कुणीतरी ते शोधत येणार आहे.