नर्सिंगचं पहिलं वर्ष: अभ्यास कसा करावा, पेपर कसा लिहावा

माझ्या पहिल्या व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, मॅडमनी विचारलं होतं, "पेशंटच्या तोंडात थर्मामीटर ठेवण्याआधी त्याला काय विचारशील?" थर्मामीटरचे प्रकार, फॅरनहाइटचं सेल्सिअस करायचं सूत्र, सगळं मला तोंडपाठ होतं. या प्रश्नाला मात्र मी खांबासारखी उभी राहिले. उत्तर होतं, "आत्ता चहा-पाणी काही घेतलंत का?" गरम किंवा थंड काही प्यायल्यावर लगेच घेतलेलं तापमान चुकीचं येतं, म्हणून थोडं थांबायचं असतं. हे पुस्तकात होतंच, मी वाचलंही होतं. पण वाचताना पेशंट डोळ्यांसमोर नव्हता.

बारावीला बायोलॉजीत भरपूर मार्क मिळवून आलेली मुलं पहिल्या सेशनलला (कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेला) गटांगळ्या खातात, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. घोकंपट्टी चालू असते, पण पान पलंगापर्यंत पोहोचत नाही.

आधी मार्कांचा तक्ता बघा

पुस्तकं विकत घ्यायच्याही आधी सेमिस्टरची स्कीम समजून घ्या. बी.एस्सी. नर्सिंगला २०२१-२२ पासून भारतीय परिचर्या परिषदेचा सेमिस्टरचा अभ्यासक्रम आहे. पहिल्या सेमिस्टरला ॲनाटॉमी आणि फिजिऑलॉजी मिळून ७५ मार्कांचा एकच पेपर असतो, ३७ आणि ३८ असे दोन भाग. सोशिओलॉजी-सायकॉलॉजीचंही तसंच. इंटर्नलचे, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत मूल्यमापनाचे, २५ वेगळे. थिअरी आणि प्रॅक्टिकलला स्वतंत्रपणे ५० टक्के लागतात. बारावीच्या ३५ची सवय इथे कामाची नाही. थिअरीला ८० टक्के हजेरी हवी आणि प्रॅक्टिकलची १०० टक्के भरावीच लागते.

यात एक खाच आहे. नर्सिंग फाउंडेशन, म्हणजे पेशंटच्या शुश्रूषेचा पाया शिकवणारा विषय, त्याचा विद्यापीठाचा पेपर पहिल्या सेमिस्टरला नसतो. त्यामुळे "ते नंतर बघू" म्हणत सगळे ॲनाटॉमीच्या मागे लागतात. दुसऱ्या सेमिस्टरला त्याचे दोन्ही भाग एकाच पेपरात येतात आणि सोबतीला बायोकेमिस्ट्री, न्यूट्रिशन असतंच. फाउंडेशन रोज अर्धा तास तरी पहिल्यापासून ठेवा. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करणाऱ्यांची स्कीम वेगळी असते, अभ्यासाची रीत मात्र हीच.

इंग्रजीची भीती शब्द फोडून घालवा

मराठी माध्यमातून आलेल्यांनी ही पायरी मनावर घ्यावी. धडा आधी मराठीत समजून घ्या, मैत्रिणीला मराठीतच सांगा आणि मग इंग्रजीत लिहा. थेट इंग्रजी वाक्यं पाठ केली की एक शब्द विसरला तरी अख्खं उत्तर अडतं.

वैद्यकीय शब्द लांबलचक दिसतात, पण ते जोडून केलेले असतात. शेवटी 'आयटिस' आला की दाह. 'टॅकी' जलद, 'ब्रॅडी' मंद, 'हायपर' जास्त, 'हायपो' कमी. एवढ्या चार-पाच तुकड्यांवर पन्नासेक शब्द सुटतात. घोटाळ्याच्या जोड्या मात्र वेगळ्या वहीत लिहा. उलटीतून रक्त पडलं तर हिमॅटेमेसिस, खोकल्यातून पडलं तर हिमॉप्टिसिस. 'इलियम' तर दोन आहेत आणि उच्चार एकच: स्पेलिंगच्या मधोमध 'ई' असेल तर लहान आतड्याचा शेवटचा भाग, 'आय' असेल तर कमरेचं हाड. 'ईट'मधला 'ई' आतड्याचा, असं मी लक्षात ठेवलं होतं आणि अजून तसंच ठेवते.

रोज एक पेशंट घरी आणा

घरी म्हणजे डोक्यात. नाव, बेड नंबर वहीत लिहायचं नाही, पेशंटचे फोटो तर मुळीच काढायचे नाहीत.

समजा वॉर्डात हार्ट फेल्युअरच्या एक आजी आहेत. पाय सुजलेत, बोटाने दाबलं की खड्डा राहतो. म्हणतात, "आडवं झालं की जीव घुसमटतो गं, दोन उशा घेऊन बसूनच झोपते." सिस्टर त्यांचं डोकं वर करून ठेवतात आणि रोज सकाळी वजन करायला लावतात. संध्याकाळी हॉस्टेलवर आलात की तीन प्रश्नांची उत्तरं शोधा. सूज का? आडवं झाल्यावर दम का? वजन रोज का? पहिल्या दोन प्रश्नांसाठी हृदयाचं फिजिऑलॉजी उघडावंच लागतं. तिसऱ्याचं उत्तर असं की अंगात पाणी साठायला लागलं की ते वजनात चटकन दिसतं.

केअर प्लॅनमधला, म्हणजे पेशंटच्या शुश्रूषेच्या लेखी आराखड्यातला, कारणांचा रकाना याचसाठी असतो. बहुतेक जण तो सीनियरच्या फाइलवरून उतरवतात. तोच रकाना स्वतः भरा, बाकीचा एखादा उतरवलात तरी मी रागावणार नाही. एक्स्टर्नल (बाहेरून आलेले परीक्षक) प्रश्न विचारतात ते नेमके तिथूनच.

प्रोसिजर तोंडाने आणि हातांनी पाठ करा

रूममेटला पेशंट करा. ट्रेमधली एकेक वस्तू नाव घेऊन मांडा, पेशंटला समजावून सांगा, पडदा ओढा, हात धुवा (साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद, नुसते ओले करून नव्हे), काम करा, सामान जागेवर ठेवा, नोंद करा. हे सगळं मोठ्याने बोलत करायचं. सुरुवातीला हसू येतं, आठवडाभरात जातं.

प्रत्येक पायरीला रूममेटने "का?" विचारायचं. नाडी अंगठ्याने का नाही मोजायची? अंगठ्याला स्वतःचेच ठोके लागतात, तेच मोजले जायची भीती. श्वास मोजताना पेशंटला का नाही सांगायचं? सांगितलं की माणूस श्वासाकडे लक्ष देतो आणि लय बदलते. म्हणून नाडी मोजून झाली तरी बोटं मनगटावरच ठेवायची आणि नजर छातीवर.

थेंबांचं गणित

गणित सोडून दिलेल्यांना हे घाबरवतं, पण सूत्र एकच आहे: एकूण मिली गुणिले सलाइनच्या सेटचा ड्रॉप फॅक्टर (एका मिलीत किती थेंब), भागिले एकूण मिनिटं. ५०० मिली सलाइन ६ तासांत द्यायचं आहे आणि सेट मिलीला २० थेंबांचा आहे. ५०० × २० = १०,०००; ६ तास म्हणजे ३६० मिनिटं; उत्तर २७.८, म्हणजे मिनिटाला साधारण २८ थेंब. ड्रॉप फॅक्टर सेटच्या पाकिटावर छापलेला असतो, तो वाचायचा. बारीक थेंबांच्या मायक्रो सेटला तो ६० असतो, त्यामुळे तासाला जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब.

चूक होते ती तासांची मिनिटं न केल्याने. मग उत्तर १,६६७ येतं आणि मुलं ते शांतपणे लिहून टाकतात. मिनिटाला १,६६७ थेंब म्हणजे नळ सोडलाय! आकडा आला की डोळे मिटून ड्रिप चेंबर, म्हणजे नळीतली थेंब पडताना दिसणारी कुपी, आठवा.

उजळणी

वहीवर हायलायटर फिरवणं ही उजळणी नव्हे. पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा, मग उघडून लाल पेनने भर घाला. त्याच संध्याकाळी एकदा, दोन-तीन दिवसांनी एकदा, आठवड्याने पुन्हा. हृदय, किडनी, नेफ्रॉनच्या आकृत्या याच पद्धतीने काढा.

पेपरच्या तीन तासांत

७५ मार्कांना १८० मिनिटं. वाचायला आणि शेवटी तपासायला मिळून १५ मिनिटं बाजूला काढा. उरलेल्यांत दहा मार्कांच्या प्रश्नाला २२ मिनिटं येतात, पाच मार्कांच्याला ११. या वेळा प्रश्नपत्रिकेवर खुणा न करता डोक्यात ठेवा. आवडत्या प्रश्नावर पाऊण तास घालवून शेवटचे तीन प्रश्न कोरे सोडणारी हुशार मुलं मी पाहिली आहेत. प्रश्न 'यादी द्या' म्हणत असेल तर निबंध नको, आणि 'परिचारिकेची भूमिका' विचारली असेल तर आजाराची व्याख्या दोन ओळींत उरकून भूमिकेवर या.

एमसीक्यूमध्ये 'सर्वप्रथम' हा शब्द दिसला की थांबा. सपाट झोपलेल्या पेशंटला अचानक दम लागलाय. पर्याय आहेत डॉक्टरांना कळवणं, नोंद करणं, डोकं वर करून बसवणं, नातेवाइकांना धीर देणं. चारही कामं बरोबरच आहेत, पण आधी श्वास. डोकं वर करायला कुणाची परवानगी लागत नाही आणि दोन सेकंदांत होतं. श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण हा क्रम लावला की असे बरेच प्रश्न सुटतात.

प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री युनिफॉर्म इस्त्री करून ठेवा, नखं कापा, लॉगबुकवरच्या सह्या तपासा. मनगटावर सेकंद काट्याचं घड्याळ हवंच, कारण मोबाइल आत नेता येत नाही आणि नाडी अंदाजाने मोजता येत नाही. त्या घड्याळाचा सेल चालू आहे ना, तेही रात्रीच बघून घ्या.