पाण्याखालच्या स्कूटरची बॅटरी बदलताय? आधी ताणकाटा आणा

बेळगावात समुद्र नाही, पण चोर्ला घाट उतरून गोव्याला, नाहीतर तारकर्ली किंवा मुर्डेश्वरजवळच्या नेत्राणीला डायव्हिंगला जाणारे आहेत. त्यातल्या काहींकडे जुनी, सेकंडहँड स्कूटर असते, म्हणजे डायव्हरला पाण्याखाली ओढत नेणारं, मोटर आणि पंख्याचं नळकांडं. आत १२ व्होल्ट, १८ अँपिअर-अवरच्या दोन लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या सिरीजमध्ये. त्या बसल्या की ठरलेलं वाक्य येतं: "लिथियम घालूया की वो, हलकी पण होईल." हलकी होते, आणि घोटाळा तिथेच होतो.

या स्कूटरमध्ये बॅटरी हेच वजन असतं. लेडची एक बॅटरी साधारण साडेपाच किलोची, म्हणजे दोन मिळून ११. त्याच ताकदीच्या लिथियम-फॉस्फेटच्या दोन मिळून पाच किलोच्या आतबाहेर. बाहेरचं नळकांडं तेवढंच, ते बाजूला सारणारं पाणीही तेवढंच. कमी झालेले सहा किलो स्कूटरला वर ढकलतात.

खानापूर भागातल्या एका स्कूटरची हीच गत झाली. नव्या बॅटऱ्या हलू नयेत म्हणून रिकाम्या जागेत थर्माकोल कोंबला आणि स्कूटर शेतातल्या विहिरीत सोडली. तरंगली. म्हणजे पाणी शिरलं नाही, एवढाच अर्थ मालकाने काढला. गोव्यात बोटीवरून उतरल्यावर ती त्याला वर ओढायला लागली, म्हणून पट्ट्याची सहा किलो शिसं पुढच्या कडीला बांधली. आता नाक खाली आणि शेपूट वर. सरळ धरण्यात हात भरून आले आणि अर्धी हवा त्यातच गेली. डायव्हरला नको तेव्हा वर खेचणारं यंत्र जिवावर बेतू शकतं, हे सांगावं लागू नये.

जुनी बॅटरी फेकण्याआधी ती ट्रेसकट एका सळईवर तोलून धरा आणि तोल जिथे साधतो तिथे मार्करने खूण करा. नवी बॅटरी आणि घटलेलं वजन भरून काढणारं शिसं मिळून तोल त्याच खुणेवर आला पाहिजे. शिसं बॅटरीच्या खाली, तळाशी, बोल्टने आवळून ठेवा. वर ठेवलंत तर पंख्याच्या पिळाने स्कूटर कुशीवर वळते. शिशाला इन्सुलेशन टेप गुंडाळा. सुटा तुकडा टर्मिनलवर पडला तर पुढचं सांगायला नको.

विहिरीत तोललेली स्कूटर समुद्रात वर येते, कारण खारं पाणी साधारण अडीच टक्के जड असतं. सोपा हिशेब असा: समुद्रात तोल हवा असेल तर स्कूटरचं एकूण वजन भागिले ४१ करा. विहिरीत बुडवून टांगलेल्या स्कूटरचं ताणकाट्यावर तेवढंच वजन दिसलं पाहिजे. ४१ किलोच्या स्कूटरला १ किलो. चाचणीला राकसकोप तलावात उतरू नका, ते शहराच्या पिण्याचं पाणी आहे.

दुसरी आवडती चूक बीएमएसची, म्हणजे लिथियम बॅटरीला जपणाऱ्या, करंट जास्त झाला की तो तोडणाऱ्या सर्किटची. जुन्या स्कूटरमध्ये बहुधा नुसता रिले, म्हणजे पूर्ण करंट एकदम जोडणारा विजेचा स्विच असतो. खटका दाबला की मोटर क्षणभर चालू करंटच्या कितीतरी पट ओढते. लेड बॅटरी ते निमूट देते, स्वस्तातलं बीएमएस मात्र पाय आखडतं. मोटर २० अँपिअरवर चालत असेल तर सलग ४० झेपणारं बीएमएस घ्या. दोन १२.८ व्होल्टच्या बॅटऱ्या जोडत असाल तर त्या सिरीजमध्ये चालतात असं लेबलवर स्पष्ट असावं. जोडण्याआधी दोन्ही वेगवेगळ्या पूर्ण चार्ज करा. पॉझिटिव्हला, बॅटरीच्या अगदी जवळ, डीसी फ्यूज लावा.

लेड संपत आली की स्कूटर मंदावते, आधी कळतं. लिथियम शेवटपर्यंत पळते आणि एकदम गप्प होते. म्हणून लेबलवर विसंबू नका, बॅटरी बल्बवर उतरवून बघा. कारचे १२ व्होल्ट ५५ वॉटचे ८ बल्ब घ्या. दोन-दोन सिरीजमध्ये जोडा आणि अशा चार जोड्या एकमेकींना समांतर, दोन्ही बॅटऱ्यांच्या मिळून पॅकवर लावा. साधारण १९ अँपिअर जातात. विटांवर ठेवा, भयंकर तापतात. घड्याळ लावा. खऱ्या १८ अँपिअर-अवरची बॅटरी ५५ मिनिटांच्या आसपास टिकते. ३० मिनिटांत विझली तर दुकानदाराशी बोला. जेवढी मिनिटं भरली त्याच्या तिसऱ्या हिश्शात परत फिरायचं.

बाकीच्या चुका थोडक्यात. जुना लेडचा चार्जर वापरू नका, त्यातले डिसल्फेशनचे, म्हणजे लेडच्या प्लेटवरचा थर काढायचे झटके लिथियमला चालत नाहीत. लिथियम-फॉस्फेटच्या २५.६ व्होल्ट पॅकला २९.२ वर थांबणारा चार्जर हवा. ३६ व्होल्ट घालून वेग वाढवायचा मोह आवरा. दुप्पट वेगाला आठपट ताकद लागते, ती मोटरच्या ब्रशमधून धूर होऊन निघते. सेलवर थेट सोल्डर मारू नका, स्पॉट वेल्डच करून घ्या.

लेड ठेवणार असाल तर झाकण बंद करून कधीही चार्ज करू नका, त्यातून हायड्रोजन निघतो. लिथियम घातली तरी प्रेशर व्हॉल्व्ह तसाच ठेवा. "आता गॅस नाही" म्हणून तो बुजवणारे भेटतात. बिघडलेला लिथियम सेलही गॅस सोडतो.

ओ-रिंग, म्हणजे झाकण सील करणारं रबरी कडं, बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिकच्या कुठल्याही दुकानात मिळते. जुनी घेऊन जा आणि कॅलिपरने जाडी मोजून घ्या, 'जवळपास तेवढीच' घेऊ नका. नायट्राइल रबराची असेल तर सिलिकॉन ग्रीसचा नुसता हात फिरवा, लोण्यासारखं थापू नका, त्यात वाळू बसते. आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात झाकण लावताना आत दोन सिलिका जेलच्या पिशव्या टाका. तीच दमट हवा खाली गार पाण्यात गेली की थेंब धरते, आणि लोक गळती समजून चांगली सील उचकटतात.