गुलामगिरीचं दालन मांडताय? या चुका टाळा

संग्रहालयात गुलामगिरीवरचं दालन म्हटलं की 'ब्रूक्स' या गुलामवाहू जहाजात दाटीने कोंबलेल्या माणसांचं चित्र भिंतभर लावायचं, ही सगळ्यात मोठी चूक. ते चित्र 1788 चं, ब्रिटनमधल्या गुलामीविरोधकांनी प्रचारासाठी काढलेलं. त्यातली माणसं एका साच्यातली आणि बिननावाची. शिवाय ते जहाज अटलांटिकवरचं. दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनमध्ये (तेव्हाच्या केप वसाहतीत) डच ईस्ट इंडिया कंपनीने माणसं आणली ती बंगाल, मलबार, इंडोनेशियाची बेटं, मादागास्कर, मोझांबिकमधून. तिथे 'ब्रूक्स' टांगलं तर पाहणारा भलताच इतिहास घेऊन घरी जातो. लावायचंच तर लहान लावा, आणि कुणी, कशासाठी छापलं ते शेजारी लिहा.

भिंत नावांना द्या. केपच्या जुन्या नोंदींत 'अँजेला फान बेंगालेन' (बंगालची अँजेला) अशी नावं सापडतात: मूळ नाव पुसून दुसरं दिलेलं, पुढे मुलूख. काहींना तर महिन्यांचीच नावं चिकटवली, सप्टेंबर, फेब्रुवारी. आज तीच तिथल्या कुटुंबांची आडनावं आहेत. म्हणून 'हे नाव लादलेलं आहे' असं पाटीवर स्पष्ट हवं. नावं जमिनीपासून 90 ते 150 सेंटिमीटरच्या पट्ट्यात ठेवा. छताजवळची नावं कुणी वाचत नाही, आणि आजीचं आडनाव शोधायला आलेल्या माणसाला त्यावर बोट ठेवता आलं पाहिजे.

पाट्यांवर 'गुलाम आणले गेले' असं लिहू नका. आणणारा निसटतो. 'कंपनीने आणले' असं लिहा.

बेड्या आणि विक्रीचे कागद एकाच काचपेटीत ठेवले की दोन्हींपैकी एक बिघडणारच. कागदाला 45 ते 55 टक्के आर्द्रता आणि 50 लक्सपर्यंतच उजेड लागतो. समुद्रातून काढलेल्या लोखंडात क्षार मुरलेले असतात, त्याला 20 टक्क्यांखालची कोरडी हवा हवी, नाहीतर पापुद्रे सुटतात. लोखंडाची पेटी वेगळी, घट्ट बंद, तळाशी ओलावा शोषणारं सिलिका जेल. ते ठरलेल्या दिवशी बदला.

दालनाच्या मध्यावर बाहेर पडायला एक दार आणि बसायला बाक ठेवा. शेवटपर्यंत चालायची सक्ती झाली की लोक मान खाली घालून पळ काढतात.

आणि शेवटची पाटी 1834 ला संपवू नका. त्या वर्षी 1 डिसेंबरला केपमध्ये कायद्याने मुक्ती आली, पण 'उमेदवारी'च्या, म्हणजे काम शिकण्याच्या, नावाखाली माणसं आणखी चार वर्षं मालकाकडेच राबली. ब्रिटिश सरकारने 2 कोटी पौंडांची भरपाई मंजूर केली ती साम्राज्यभरच्या मालकांना. राबलेल्यांना छदामही नाही. हा आकडा आडनावांच्या भिंतीसमोरच लावा.