जुन्या इटालियन गाडीचे फोटो: आधी नंबर, मग नखरे

लग्नसराईत मी परभणीत नवरदेवांचे फोटो काढतो, एरवी जुन्या गाड्यांचे. आमच्याकडं फोर्ड, शेव्हरलेट, ऑस्टिन निघतात. युद्धाआधीची इटालियन स्पोर्ट्स कार क्वचितच. जालन्याकडच्या एका गढीत गोठ्यातल्या कडब्याआडची लाल टू-सीटर दाखवत मालक म्हणाले, "अल्फा हाय, सतराशे पन्नास." म्हणजे इटलीच्या अल्फा रोमिओ कंपनीचं १७५० हे मॉडेल. असं कुणी म्हटलं की काय करायचं, ते सांगतो.

गाडी धुऊ देऊ नका. फोटोवाला येणार म्हणून मालक हौसेनं पोराला पाइप देऊन उभं करतात. जुन्या रंगाचे पापुद्रे, ग्रीसचा थर, सीटखाली अडकलेला कागद, सगळा पुरावा त्यातच असतो. म्हणून आहे तशी चारी बाजूंनी टिपून घ्या.

मग नंबर. चेसिसवर ठोकलेला, इंजिनवरचा आणि फायरवॉलच्या (इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्याच्या) पट्टीवरचा, तिन्ही हवेत. पट्टी स्क्रू काढून दुसऱ्या गाडीला लावता येते, म्हणून माझा भरवसा ठोकलेल्या आकड्यावर. मऊ फडकं, थेंबभर रॉकेल, बस. वायर ब्रश आणि पॉलिश पेपर घरीच ठेवा. समोरून फ्लॅश मारला तर आकडे सपाट दिसतात. टॉर्च पत्र्याला जवळजवळ टेकवून आडवी धरली की आकड्याच्या खाचेत सावली पडते. एक फोटो डावीकडच्या उजेडात, एक उजवीकडच्या. आजूबाजूचा पत्राही फ्रेममध्ये घ्या, घासून पुन्हा ठोकल्याची खूण तिथंच सापडते. शेवटी आरटीओत घेतात तसा पातळ कागदावर पेन्सिलीनं चेसिस प्रिंट काढा. त्या काळी बॉडी बऱ्याचदा झागातो किंवा तूरिंगसारखे मिलानचे कारखाने वेगळी बांधत, त्यामुळं बॉनेटच्या आतून आणि बिजागऱ्यांवरही आकडे शोधा.

१७५० असेल तर सरळ सहा सिलिंडर, १७५२ सीसी. अल्फाचा इंजिनिअर वित्तोरियो यानो याचं हे डिझाइन १९२९ ते १९३३ निघालं. सुपरचार्जर (इंजिनात जोरानं हवा ढकलणारा पंप) असलाच तर क्रँकच्या पुढच्या टोकाला असतो. रेडिएटरच्या खालून फोटो घ्या. टेप लावून पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर मोजा: आखूड सुपर स्पोर्ट चेसिसचं २७४५ मिलिमीटर भरतं. इटालियन रेसर नुवोलारीनं १९३०ची मिल्ले मिलिया ही इटलीतली रस्त्यावरची शर्यत १७५०वरच जिंकली, पण म्हणून प्रत्येक १७५० नुवोलारीची होत नाही.

बिल्ला बोलका असतो. भोवतीची लॉरेलची माळ १९२५च्या विश्वविजेतेपदानंतरची. इटलीच्या राजाच्या सव्होय घराण्याच्या गाठी १९४६मध्ये इटली प्रजासत्ताक झाल्यावर गेल्या, त्यांच्या जागी लाटांसारख्या रेघा आल्या. 'मिलानो' हा शब्द १९७२मध्ये गेला. लाटा दिसल्या तर बिल्ला नंतरचा. गाडीबद्दल मात्र तेवढ्यानं काहीच ठरत नाही. तसंच स्टिअरिंगचं. "उजवीकडं हाय म्हणजे खास हिंदुस्थानासाठी मागवली," असं गावोगाव ऐकाल. त्या काळच्या अल्फा आणि लान्चिया (दुसरी इटालियन कंपनी) इटलीतही उजव्याच हाताच्या असत.

आता कागद, आणि इथं मराठवाड्याचा माणूस पुढं असतो. १९४८पर्यंत आपण निजामात, म्हणून पावत्या उर्दूत आणि साल फसली, म्हणजे निजामाच्या सरकारी कालगणनेचं. हैदराबादी फसलीत ५९० मिळवा: १३४४ फसली म्हणजे १९३४-३५. वर्ष ऑक्टोबरला सुरू व्हायचं, त्यामुळं जोडसालच लिहा. किंमत हाली (निजामाच्या) रुपयांत की कलदारात (इंग्रजांच्या रुपयांत), तेही पाहा. सात हाली म्हणजे सहा कलदार. निवृत्त उर्दू मास्तर गाठा, चहा पाजा, कागदाच्या दोन्ही बाजू आणि तिकिटं टिपा. हैदराबादला तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात निजामकाळचं दफ्तर आहे. घरच्या अल्बममध्ये इटालियन नंबरप्लेट दिसली, 'एमआय' म्हणजे मिलान, तर सोन्याहून पिवळं: तिथल्या वाहन नोंदणीचं रजिस्टर १९२७पासूनचं आहे, आणि प्लेटच्या नंबरावरून मालकांची साखळी मागता येते. अल्फाचं स्वतःचं दस्तऐवज केंद्र मिलानजवळ आरेझेला आहे. पत्रासोबत चेसिस प्रिंट जोडा.

देखणे फोटो सगळ्यात शेवटी. चैत्रात ऊन लवकर चढतं, म्हणून दिवस उगवताच गाडी बाहेर ढकलून घ्या (सुरू करायच्या भानगडीत पडू नका). मागं गढीची काळ्या दगडाची भिंत, कॅमेरा हेडलाइटच्या उंचीला, ८५ मिलिमीटरची लेन्स, बॉनेटवरची चमक मारायला पोलरायझर. बीबी का मकबऱ्यासमोर उभी करायचा हट्ट सोडा. तिथं ट्रायपॉड लावायलाही पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते.

नेटवर टाकताना चेसिस नंबराचे शेवटचे आकडे झाका, त्यावरून नकली गाड्या बनतात. आणि फोनमधलं लोकेशन बंद ठेवा, नाहीतर आठवड्यात मुंबईचा दलाल गढीच्या दारात उभा.